बापाचा आवाज

मॅरो हिल, पेन्सिल्व्हेनिया
२० फेब्रुवारी १९५५

वेंदो,

कुठली आगगाडी?

मासिक मला आयरीनने दाखवलं. कारखान्यात आम्ही दोघी शेजारच्या यंत्रांवर शर्टांच्या कॉलरी शिवतो. पानभर तुझा फोटो, नावाड्याच्या वेषात, दाढी वाढलेली. खाली लिहिलंय की न्यूयॉर्कच्या रंगभूमीने इतक्या वर्षांत असा नट पाहिला नाही. आयरीन म्हणाली, "हा वेंडेल डॉर म्हणजे तुझा भाऊ वेंदेल दोर्चाकच ना गं?" मी हो म्हटलं. मग तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, शिलाई थांबवून बाकीच्याही ऐकत होत्या. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलंय, दगडाखालून आल्यासारखा हा आवाज तुम्ही आणलात कुठून? आणि तू सांगितलंस, लहानपणी आगगाडीत एक म्हातारा भेटला होता, त्याचा.

सोळा वर्षांचा होईपर्यंत तू आगगाडीत पाऊल ठेवलं नव्हतंस.

मी काही तुझं नाटक पाहिलेलं नाही. पण बाई लिहिते की तुझा नावाडी कुणाचंही नाव घेण्याआधी दोनदा खाकरतो आणि त्या खाकरण्यानेच प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. माझ्या अंगावर तर वाचूनच आला. "खं खं, सुझाना." "खं खं, तिल्का." बाबांच्या छातीत कोळसा होता म्हणून ते खाकरायचे, वेंदो. कला म्हणून नाही.

सोळा वर्षं तू ख्रिसमसला एका ओळीचं कार्ड पाठवतोस. मी कधी कुरकुर केली नाही. आईला ते मासिक मी दाखवलेलं नाही. पण तू परक्या बाईला खोटं सांगितलंस, तर खरं काय होतं ते मी तुला सांगते. तू खाली होतास, तुला फक्त ऐकू यायचं. वर काय चालायचं ते मी पाहिलंय.

खाणीत पाणी फुटलं, अकरा दिवस पंप चालले, मग सहा नंबरच्या बोगद्याच्या त्या फाट्याचं तोंड विटांनी बांधून टाकलं, बाबा धरून पाच माणसांसकट. त्यानंतर आईने खाणं सोडलं. पण खाणीचा तीनचा भोंगा झाला की उठायची, पाणी तापवायची, बादली तळघरात नेऊन ठेवायची, बाबांच्या अंघोळीला. वर येऊन जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची. अर्ध्या तासाने मी ते गार पाणी ओतून द्यायची. तूही तेव्हा बोलेनासा झाला होतास, पण त्या वयाची मुलं अशीच असतात असं मला वाटलं. माझं लक्ष आईकडे होतं. तिच्या पायांवर सूज आली होती.

आणि मग नोव्हेंबरातल्या त्या दिवशी तिने जिन्यातून हाक मारली, "गाश्पार, पाणी पुरे ना?" खालून आलं, "खं खं, सुझाना. पुरे आहे."

माझ्या हातून ताट पडलं. आई रडली नाही, दचकलीही नाही. चुलीपाशी आली आणि पातेल्यातला कोबी उभ्या उभ्या खाऊ लागली. तीन आठवड्यांनी.

तूच सुरू केलंस ते, वेंदो. मी सांगितलं नव्हतं. शाळेत पाद्र्याची आणि मुकादमाची नक्कल करून मार खायचास, ती विद्या इथे कामी आली. रोज तीनला अंगणातल्या झडपेतून तळघरात उतरायचं, अंगावर पाणी घ्यायचं, दोन वाक्यं बोलायची, आल्या वाटेने जायचं. नऊ महिने. त्यावर आई जगली. आणि जुलैत तू एका शब्दाने न सांगता पळून गेलास.

त्या बाईला पत्र लिही आणि खरं सांग. बाबांचं नाव एकदा तरी नीट छापून येऊ दे. त्या विटांच्या भिंतीवर ते चुकीचं कोरलंय.

तिल्का


३ डिसेंबर १९५७

वेंदो,

तू त्या बाईला लिहिलं नाहीस. मलाही नाहीस. ठीक आहे.

नावाड्याचा सिनेमा इथे आला होता. मी आईला कळू देणार नव्हते, पण पाद्र्यांकडे स्वयंपाक करणारी बाई घरी येऊन अभिनंदन करून गेली. रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. आईने चर्चला जायचा काळा कोट घातला. थेटरात अर्धा मॅरो हिल होता. लोक मागे वळून आमच्याकडे बघत होते, हात हलवत होते.

पडद्यावर तू आलास तेव्हा आई तुला ओळखेना. इतकी दाढी, पाठीला बाक. मग नदीच्या काठावरून तू त्या मुलीला हाक मारलीस. आधी दोनदा खाकरून.

आईने डोळे मिटून घेतले. शेवटपर्यंत उघडले नाहीत. आमच्या पुढच्या रांगेत म्हातारा बेनेदिक होता, बाबांबरोबर बारा वर्षं काम केलेला. तो मध्येच उठला आणि टोपी छातीशी धरून बाहेर गेला. परत आला नाही.

घरी येताना आई एवढंच म्हणाली, "दमलाय." कोण, ते मी विचारलं नाही.

सोमवारी मी कामावर गेल्यावर ती एकटी गेली. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही. तिकीट फाडणाऱ्या बाईने मला रस्त्यात थांबवून विचारलं, तुमच्या आईची तब्येत बरी आहे ना, सिनेमा बघतच नाहीत हो त्या, अडीचच्या खेळाला येतात आणि डोळे मिटून बसतात. शुक्रवारी सिनेमा बदलला. घोडे आणि बंदुकांवाला काहीतरी होता. आई आत जाऊन दहा मिनिटांत परत आली. संध्याकाळी मी घरी आले तर तळघराच्या जिन्याशी पाण्याची बादली. अठरा वर्षांनी.

खाण बंद होऊन तीन वर्षं झाली, भोंगाही वाजत नाही. तिला तीन वाजलेले कळले कसे?

मी पाणी ओतून दिलं.

तुला मोठं पारितोषिक मिळाल्याचं रेडिओवर ऐकलं. बऱ्याच जणांचे आभार मानलेस. छान बोललास, त्याच आवाजात.

तिल्का


९ जानेवारी १९६२

वेंदो,

आईचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात वसंत ऋतू बघेल की नाही सांगता येत नाही. तिचा पलंग मी खाली स्वयंपाकघरात आणलाय, चुलीजवळ. जिना तिला झेपत नाही आणि वरच्या खोल्या गार असतात.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता मागते. एकदा ये. कुणाला कळायची गरज नाही, पुढच्या दाराने यायचीही गरज नाही. झडपेच्या बिजागऱ्यांना मी तेल घातलंय. तीनच्या सुमाराला खाली उतर, आणि आई हाक मारेल तेव्हा उत्तर दे. एकदाच. मग हवं तर तसाच परत जा.

हे माझ्या मनचं नाही. तिनेच सांगितलंय. "तो आवाज एकदा ऐकवा म्हणावं," असं म्हणाली.

तिल्का


२ फेब्रुवारी १९६२

वेंदो,

तू टेलिव्हिजन पाठवलास. त्यावर मी विणलेला रुमाल टाकून ठेवलाय. तू नर्स पाठवलीस. बाई चांगली आहे, आईशी पत्ते खेळते आणि हरते. आणि तू पत्र पाठवलंस, चार पानांचं. आयुष्यात पहिल्यांदा.

तू लिहितोस की तो आवाज आता तुझ्या ताब्यात नाही. नाटकाच्या दुसऱ्या वर्षी हॉटेलात कॉफी मागायला तोंड उघडलंस आणि बाबा बोलले. मग टेलिफोनवर बोलले, मग बायकोशी. मार्गो घर सोडताना म्हणाली की या घरात आपण तिघं राहत होतो आणि मला तिसऱ्याची भीती वाटते. सेनापती असो, न्यायाधीश असो, पाद्री असो, प्रत्येक भूमिकेला लोक तोच आवाज मागतात. एका सिनेमात तू म्हणालास की हा माणूस मी माझ्या आवाजात करतो. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने काम थांबवून विचारलं, "डॉर, आवाज कुठे ठेवून आलात?" मग तू खोलीचं दार लावून टेपवर स्वतःचं बोलणं उतरवलंस, नुसतं नाव-गाव-पत्ता, आणि ते लावून ऐकलंस तर दोर्चाकांचा गाश्पार स्वतःचं नाव वेंडेल डॉर सांगत होता.

आणि शेवटी लिहितोस, त्या तळघरात मी पुन्हा उतरलो तर वर येईल तो मी नसेन.

हे कुणाला लिहितोस, वेंदो? मासिकातल्या बाईला? तिला आवडेल. मी इथे भांडं देते, पाठ पुसते, औषधं मोजते. पंधरा वर्षांच्या पोराला जे रोज जमलं ते अडतिसाव्या वर्षी एकदा जमत नाही? अख्ख्या देशाला तिकीट लावून ऐकवलंस. आईलाच नको?

हे असं रागाने लिहिलं खरं. पण तुझी चार पानं मी एप्रनच्या खिशात घालून आठवडाभर कामावर नेते आहे. परवा जेवणाच्या सुटीत आयरीनने विचारलं, कुणाचं पत्र? मी सांगितलं, बाबांचं. तोंडातून तसंच निघालं.

तिल्का


११ फेब्रुवारी १९६२

वेंदो,

मी तुला खोटं लिहिलं.

आई "तो आवाज" म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, "वेंदोचा आवाज एकदा ऐकवा." मी विचारलं, म्हणजे बाबांचा? तर चिडली माझ्यावर. "गाश्पारचा मी वीस वर्षं ऐकला, मग तळघरातून ऐकला, मग थेटरात ऐकला. मला माझ्या पोराचा आवाज ठाऊक नाही. तो गेला तेव्हा फुटत होता. फुटून कसा झाला, कुणी सांगेल का मला?"

मी ते बदलून लिहिलं. का, ते आता विचारू नकोस.

पुढच्या दाराने ये. लवकर ये.

तिल्का


६ एप्रिल १९६२

वेंदो,

आईच्या थडग्यावर दगड बसला. बाबांचं नावही त्याच दगडावर घातलं, नीट अक्षरांत. खाली माणूस एकच आहे, पण पाद्री म्हणाले चालतं.

तू नऊ दिवस राहिलास आणि मी तुझ्याशी धड बोलले नाही. स्वयंपाक केला, कपडे धुतले, तुझ्या बुटांना पॉलिशही केलं. तोंड उघडलं नाही. म्हणून आता लिहिते. आधी तुला ठाऊक नसलेलं एक सांगते, कारण ते तुझं आहे.

तू दारात उभा राहिलास तेव्हा तुझे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी चुलीपासून बघत होते. मला वाटलं, आता हा खाकरणार. आई म्हणाली, "कोट काढ आधी, भिजलाय." आणि तू म्हणालास, "हो, आई." एवढंच. बारीक, किंचित चिरका. मग तिने तुला वर्तमानपत्र वाचायला लावलं. निम्मं तिला कळत नव्हतं, इंग्रजी तिला कधी जमलंच नाही, आणि तुला आपली बोली आठवत नव्हती. तू चर्चच्या जेवणाची जाहिरात वाचलीस, खिळे-पत्र्यांच्या दुकानाचा सेल वाचलास, हवामान वाचलंस. मध्ये मध्ये अडखळत होतास. जगभर नाव झालेला नट आणि हवामान वाचता येईना.

मग तू कोळसा आणायला अंगणात गेलास. आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "अगं, अगदीच साधा आवाज आहे. माझ्या भावासारखा, नाकातला." आणि हसायला लागली. इतकी हसली की मला तिला उठवून बसवावं लागलं. माझ्या लग्नाला, बाळंतपणाला हसली असती तशी. ती माझी दोन्ही झाली नाहीत, पण तू समजशील. रोज तू दोन पावलं बाहेर गेलास की ती मला विचारायची, "आता काय वाचणार आहे?"

हे एक. आता दुसरं.

आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नोव्हेंबरात त्या दिवशी हाक मारण्याआधी ती खिडकीशी उभी होती. तू झडप उचलून खाली गेलास ते तिने पाहिलं. तीन आठवडे तुझ्या तोंडून शब्द आला नव्हता, आणि तिच्या माहेरी एक पोरगा असाच मुका झाला होता. तिने हाक मारली ती तू बोलावंस म्हणून. कुणाच्याही आवाजात का होईना. तुला ऐकू जावं म्हणून चमचा ताटावर आपटून कोबी खाल्ला. तू समजत होतास तू तिला जगवतोयस. ती समजत होती ती तुला.

हे मला तिने त्याच हिवाळ्यात सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही.

ईस्टर झाल्यावर ती म्हणाली, "पुरे आता. पोराला त्याचं आयुष्य आहे." त्याच आठवड्यात तू विहिरीपाशी मला म्हणालास, "ताई, मला नको गं हे. मी बोलवत नाही तरी ते येतात." आठवतं? मी तुझ्या थोबाडीत मारली. म्हटलं, आई मरेल. आणि घरात येऊन आईपुढे हात जोडले. म्हटलं, आणखी थोडे दिवस हाक मार, वेंदो अजून बरा नाही. तुम्ही दोघं एकमेकांसाठी करत होतात ते ईस्टरलाच संपलं. पुढचे तीन महिने तुम्ही माझ्यासाठी केलं, आणि तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.

पाणी फुटलं त्या सकाळी बाबांनी निघताना मला हाक मारली होती. दोनदा. आदल्या दिवशी मिखालवरून आमचं भांडण झालं होतं, त्यांना तो पसंत नव्हता. मी जागी होते. पांघरूण डोक्यावरून घेऊन पडून राहिले. त्यांनी जरा वाट पाहिली, मग पायऱ्या उतरून गेले. काय सांगायचं होतं त्यांना? तेवढं एक वाक्य मला हवं होतं, म्हणून मी रोज तीनला चुलीपाशी उभी राहायची.

आता तिसरं, आणि याच्यासाठीच मी तेवीस वर्षं तुझ्याशी नीट बोलले नाही.

जुलैत आई चर्चमध्ये वेदी सजवायला गेली होती. तीन वाजले. तू खाली होतास, पाण्याचा आवाज येत होता. मी जिन्याच्या तोंडाशी गेले आणि विचारलं, "बाबा, मी मिखालशी लग्न करू?"

पाण्याचा आवाज थांबला. मग आलं, "खं खं, तिल्का. नको. आईला कोण बघेल?"

दुसऱ्या दिवशी मी मिखालची अंगठी परत केली. त्याने कारण विचारलं. काय सांगणार? तो डेट्रॉइटला गेला, मोटारींच्या कारखान्यात. त्याला चार मुली आहेत. आणि माझ्या अंगठीनंतर चौथ्या दिवशी तू पळालास.

तू इथे होतास तेव्हा एकदा माझ्यामागे तळघराच्या जिन्यापर्यंत आलास आणि काहीतरी म्हणणार होतास. मी बटाटे घेऊन वर निघून आले. मला भीती वाटली. आता कागदावर विचारते. त्या दिवशी कोण बोललं? बाबा आले होते, की तू बोललास? आणि तू बोलला असशील, तर तेव्हा तुझ्याजवळ गाडीचं तिकीट होतं का?

तिल्का


१९ ऑक्टोबर १९६३

वेंदो,

तुझं उत्तर मला गेल्या वर्षी एप्रिलमध्येच मिळालं. "मी बोललो. तिकीट बुटात होतं." एवढंच लिहिलंस. मग तू टेलिफोन केलास, मी ठेवून दिला. पुन्हा केलास, पुन्हा ठेवला. पत्रं आली ती वाचली, पण उत्तर दिलं नाही.

राग कशाचा आला सांगू? तू मला अडकवून गेलास त्याचा आलाच. सोळा वर्षांचं पोर, घराबाहेर पडायला वाट हवी होती, आणि वाट म्हणजे मी होते. पण त्याहून मोठा राग याचा आला की ते बाबा नव्हते. बाबांनी नको म्हटलं म्हणून मी थांबले, असं धरून मी जगले होते. त्यात निदान कुणाचं तरी ऐकल्याचं समाधान होतं. तू एका ओळीत ते काढून घेतलंस. खोटं लिहिलं असतंस तर मला कधी कळलं नसतं, आणि ते तुला ठाऊक होतं. सहा महिन्यांनी कुठे माझ्या ध्यानात आलं की त्या घरात आपल्या तिघांत मिळून तो पहिला खरा शब्द होता.

आयरीनने सोमवारी वर्तमानपत्र आणलं. तुझ्या नव्या नाटकाबद्दल. शाळामास्तराचं काम करतोस, आणि लिहिणाऱ्याने लिहिलंय की डॉरचा तो आवाज संपला, उरलाय तो कुणाही शेजाऱ्याचा, नाकातला, शेवटच्या रांगेपर्यंत न पोचणारा. नाटक शनिवारी बंद होणार. आयरीनला वाईट वाटलं. "आजारी आहे का गं तो?" म्हणाली. मी बुधवारची सुटी घेतली आणि सकाळच्या बसने न्यूयॉर्कला गेले.

दुपारचा खेळ होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. माझ्या शेजारी एक जोडपं होतं, त्यातला नवरा सारखा पुटपुटत होता, "आता येईल बघ, दुसऱ्या अंकात काढेल." तो नावाड्याचा आवाज ऐकायलाच आला होता. तुला खरं सांगते, मीही त्याच्यासारखीच पुढे झुकून बसले होते. अजूनही तीन वाजले की माझे कान तळघराकडे जातात. तिथे खुर्चीत बसूनही मला कळलं की तीन वाजले. तू फळ्यापाशी उभा होतास, पाठमोरा, आणि वर्गातल्या मुलीचं नाव घेणार होतास. थांबलास. तुझ्या मानेची शीर ताठलेली मला शेवटून सहाव्या रांगेतून दिसली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ते येत होते, वेंदो. मला ठाऊक आहे, ते येत होते.

तू थांबलास, गिळलंस, आणि नुसतं नाव घेतलंस. खाकरला नाहीस.

शेजारच्या माणसाने घड्याळ पाहिलं. मध्यंतरानंतर ते दोघं परत आले नाहीत. काम काही फार चांगलं झालं नाही तुझं. दोनदा शब्द चुकलास, आणि शेवटचं भाषण घाईने उरकलंस. टाळ्या पडल्या त्या भिडेच्या. लोक म्हणतील, वेंडेल डॉर गेला. म्हणू देत. मी बसल्या जागी रडत होते आणि ते बाबांसाठी होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ते आले नाहीत, येणार नाहीत, आणि त्या सकाळी त्यांना काय सांगायचं होतं ते मला आता कुणाच्याच तोंडून कळणार नाही.

तुला माफ केलं असं लिहायला मी या आठवड्यात तीनदा कागद घेतला. ते हातून होत नाही. झालं की कळवीन. पण टेलिफोन केलास तर ठेवणार नाही. रविवारी कारखाना बंद असतो, मी घरीच असते.

नाटक सुटल्यावर मी मागच्या गल्लीत गेले, नटांच्या दारापाशी. दारावर एक म्हातारा स्टुलावर बसला होता. कोण म्हणून सांगू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, "त्यांना बहीण आहे असं कधी बोलले नाहीत." मी म्हटलं, आमच्याकडे बोलायची पद्धत नाही. तो हसला आणि आत वर्दी द्यायला उठला. तेवढ्यात आतून, बोळाच्या टोकावरून, कुणीतरी वैतागून विचारत होतं, माझा चष्मा कुणी पाहिला का, इथेच ठेवला होता. मी म्हाताऱ्याला म्हटलं, राहू द्या, माझी बस आहे.

दार उघडं होतं पण आत अंधार होता, माणूस काही दिसला नाही. आवाजावरून मी तुला ओळखलं.

तुझी,
तिल्का